बाभळीच्या बरगड्या

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या अंगणात बाभळीच्या वाकड्या लाकडांचा ढीग पडलेला होता आणि त्यातलं एकही लाकूड मला चुलीत घालता येत नव्हतं. सरळ फांदी असेल तर जाळ, वाकलेलीला हात लावू नको, असं नवऱ्यानं मला बजावून ठेवलं होतं. बाभळीला सरळ फांदी कुठं असते, हे काही त्यांनी सांगितलं नव्हतं. मी शेजारणीकडून गोवऱ्या उसन्या आणायची. ती आधी आमच्या ढिगाकडं बघायची, मग माझ्याकडं, आणि एक शब्द न बोलता पाटीत गोवऱ्या टाकायची. तिचं ते न बोलणं मला फार लागायचं.

आम्ही तेव्हा रेणापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी तिथल्या शाळेत शिकवायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सोबत सासूबाई होत्या. नवरा मूळचा लोह्याकडचा. छप्पन्नला दीक्षा घेतल्यावर त्यांच्या वडिलांनी गावकीची कामं सोडली आणि पोराला सांगितलं, कुठंही जा, पण हातात हुन्नर घेऊन ये. पोरगा एका नातेवाइकामागं कोकणात गेला आणि खाडीकाठी होड्या बांधायच्या कारखान्यात लागला. तिथं मालाची गलबतं बांधत, मासेमारीचे मचवे बांधत, आणि कधीमधी हौशी श्रीमंतांसाठी शिडाच्या शर्यतीच्या होड्या. आमचे हे त्या शेवटच्या कामात अडकले. अरुंद, हलकी, वाऱ्याच्या झुळकीसरशी निघणारी होडी. दुसरं काही त्यांना बांधायचंच नव्हतं. पुढं वडील वारले, दुष्काळ पडला, आई एकटी राहिली, म्हणून ते समुद्र सोडून परत आले. हुन्नर घेऊन आले, यात वाद नाही. पण शिडाच्या होडीचा हुन्नर घेऊन मराठवाड्यात आले, आणि तेही ज्या वर्षी लोक नदीच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी काढत होते त्या वर्षी.

दुष्काळी कामावर त्यांना कुदळी-फावड्यांना दांडे बसवायचं काम मिळालं. गावाबाहेर पाझर तलावाचा बांध घातला जात होता, अख्खं गाव तिथं माती वाहत होतं, आणि दांडे सारखे मोडत होते. लोक शेळ्यांना पाला म्हणून बाभळी छाटायचे, त्यातून हे दांड्याजोगं लाकूड निवडायचे. निवडून झालं की उरलेली वाकडी लाकडं डोक्यावर घेऊन घरी.

"ह्याचं काय करणार?" मी विचारलं.

"बरगड्या."

"कुणाच्या?"

"होडीच्या. बरगडीला बाभळीसारखं लाकूड न्हाई. झाडानंच वाकवून दिलंय, आपण नुसतं तासायचं. तिकडं अशा एका लाकडासाठी आम्ही रानं पालथी घालायचो. इथं लोक जाळून राहिलेत."

"आन होडी घालणार कुठं?"

"पाणी येईल की."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, जशी काही नळ सुटायची वेळच झाली होती.

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण किनवटच्या लाकूड डेपोत त्यांचा कुणी ओळखीचा होता, त्याच्याकडून एक दिवस सागाच्या फळ्या आल्या आणि एक लांबलचक, जाड तुळई आली. ती होडीचा कणा. तिकडच्या बोलीत तिला पठाण म्हणतात. सासूबाईंनी तो शब्द उचलला आणि गल्लीत सांगत सुटल्या की आमच्या अंगणात पठाण आडवा पडलाय. थोड्या वेळानं दोन म्हाताऱ्या तांब्याभर पाणी घेऊन लगबगीनं आल्या. त्यांना वाटलं, कुणी वाटसरू उन्हानं चक्कर येऊन पडला. त्या दिवसांत कुणाच्या तोंडात घालायला तांब्याभर पाणी काढून आणणं ही लहान गोष्ट नव्हती. मी त्यांना लाकूड दाखवलं. एकीनं पाणी परत नेलं. दुसरी तिथंच बसून माझ्या नवऱ्याला विचारत राहिली, की बाबा, तुला बरं वाटत न्हाई का.

त्यांना अगदी बरं वाटत होतं. कामावरून आले की रंधा, तासायचा वाकस आणि बाभूळ. एक बरगडी बसवायची, लांब जाऊन उकिडवं बसायचं, एक डोळा मिटून बघायचं, परत काढायची, तासायची, बसवायची. मला तर सगळ्या सारख्याच दिसायच्या. "इथं जरा पोट सुटलंय," ते म्हणायचे. "पाण्याला रुसवा येईल. पाणी पुढून फाटलं पाहिजे आन मागं गुमान मिटलं पाहिजे." मी दिवसभर शाळेत मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची, सुकडी वाटून, संध्याकाळी रांगेत उभी राहून घरी यायची, आणि इथं पाण्याच्या रुसव्याची चर्चा. नसलेल्या पाण्याच्या.

खरा स्फोट झाला तो उन्हाळ्यात. आमच्या वस्तीच्या विहिरीत पायऱ्या संपल्यावरही खाली उतरावं लागायचं. तळाशी बसून वाटीनं घागर भरायची आणि वर आणायची. मी पहाटे गेले की ऊन चढल्यावर परत यायची. एक दिवस घागर ठेवून मी भाकरी करायला बसले. मागून पाण्याचा आवाज आला. बघते तर ह्यांनी सागाच्या फळीला गोणपाट गुंडाळलेलं, खाली विस्तव केलेला, आणि माझी घागर वर उपडी.

"हे काय केलं?"

"फळी वाकवायची हाय. ओली असल्याबिगर वाकत न्हाई, चिरती."

"ते प्यायचं पाणी होतं."

"मी आणतो की दुसरं."

"तुमी? बायकांच्या रांगेत?"

त्यांचे हात फळीवरच. आधीच दाबून धरलेली फळी सोडली असती तर उलटली असती, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसलं, की हा माणूस माझ्याकडं बघायलासुद्धा तयार नाही. सासूबाई म्हणाल्या, "सोड की रे ते लाकूड." त्यांचंही ऐकलं नाही. शाळेला सुट्टी होती. मी दुपारच्या मोटारीनं उदगीरला माहेरी गेले.

माझे वडील उदगीरच्या अडत बाजारात हमाल होते. पोती वाहायची आणि दाभणानं पोत्यांची तोंडं शिवायची. कमी बोलणारे, सरळ माणूस. त्यांनी माझी सगळी तक्रार ऐकून घेतली. म्हणाले, "पाण्याचं चुकलंच त्यांचं. मी जाऊन बोलतो जावईबापूशी." मला हायसं वाटलं. आई म्हणाली, "ह्यांना एकट्याला कामून धाडतीस? ह्यांना बोलता येतं का?" मी म्हटलं, बाप बोलला की जावई ऐकतो.

बाबा सकाळी गेले, संध्याकाळी यायचे होते. आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. निरोप नाही, काही नाही. आठवडा होत आला तशी आई रडायला लागली, आणि मी परत रेणापूरची मोटार धरली. वाटेत मनात नाही नाही ते आलं. भांडण झालं असेल, हातघाई झाली असेल.

अंगणात बाबा मांडी घालून बसले होते. मांडीवर मांजरपाटाचं ठाणच्या ठाण पसरलेलं, हातात दाभण. मला बघून म्हणाले, "आलीस? बरं झालं. हे टोक धर. दुहेरी शिवण घ्यावी लागती ह्याला, वारा लई जोर करतो."

उदगीरच्या किल्ल्याच्या खंदकापेक्षा जास्त पाणी ज्या माणसानं जन्मात पाहिलं नव्हतं, तो मला वाऱ्याचा जोर सांगत होता.

"बाबा, तुमी त्यांना पाण्याचं बोललाव का न्हाई?"

"बोललो की. म्हणले, चुकलं. मग मी इचारलं, शीड कशानं शिवणार, तर म्हणले, शिवणारा मिळंना. आता मी असताना..." आणि त्यांनी दाभणात सुतळी ओवली.

माझी समजूत काढायला कुणालाच वेळ नव्हता. मी राहिले, ती एका अटीवर. माझी घागर वेगळी, तिला होडीचा वारा लागता कामा नये. नवऱ्यानं लगेच कबूल केलं. त्यानंतर ते स्वतः भल्या पहाटे त्या विहिरीत उतरायला लागले. बायका कुजबुजायच्या, हसायच्या. त्यांनी मनावर घेतलं नाही. होडीसाठी वेगळं, घरासाठी वेगळं, दोन्ही आणायचे. तेवढं मला मान्य करावं लागेल. पण फटी बुजवायला कापूस आणि करडईचं तेल लागतं, हे मला नंतर कळलं, स्वयंपाकघरातली बरणी रिकामी झाल्यावर.

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि पाझर तलाव भरला. होडी आमच्या अंगणात तयार होती. लांब, निमुळती, तेल पिऊन तांबूस झालेली. मला आवडली असं मी कुणाला सांगितलं नाही. आता ती तळ्यात घालायची तर गावात निराळीच खळखळ सुरू झाली. आमच्या वस्तीतली होडी गावच्या तळ्यात घालू द्यायची का, यावर पारावर बैठक बसली. ज्या तळ्याची माती आमच्या बायकांनी डोक्यावर वाहिली, त्या तळ्याच्या पाण्याला आमच्या लाकडानं काय होणार होतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. बैठक लांबली. शेवटी एक शेतकरी उठला. त्याचं शेत तळ्याच्या पलीकडं होतं आणि त्याला आता लांबचा वळसा पडत होता. तो म्हणाला, "बांध टाकताना समद्यांनी एकाच हौदातलं पाणी पेलं. तवा कुणी बैठक बसवली न्हाई. माझी गाडी घ्या, मी नेतो होडी." आणि त्यानं खरंच बैल जुंपले.

तळ्यावर सगळा गाव लोटला. बाबा उदगीरहून आले होते. डोलकाठी उभी राहिली, मांजरपाटाचं शीड वर गेलं, आणि नवरा एकटाच होडीत बसला. वारा पडलेला होता. लोक वाट बघून कंटाळले. कुणीतरी म्हणालं, "ढकलू का?" तेवढ्यात बांधावरून वारा आला. शीड फट्‌दिशी भरलं, होडी एका अंगावर कलली आणि निघाली. पाण्यावरून काहीतरी इतक्या जोरात जाताना आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. बायकांनी पदर तोंडाला लावले. होडी तळ्याच्या मधोमध गेली, मधून पुढं गेली, आणि मग मला कळलं की ती वळत नाही. वळायला जागाच उरली नव्हती. पाझर तलाव तो केवढा. ह्यांनी बरगडीन्‌बरगडी मोजली होती, फक्त तळं मोजलं नव्हतं. होडी तशीच समोरच्या काठाच्या दगडांवर जाऊन आदळली. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन फळ्या फुटल्या. हे पाण्यात पडले.

आम्ही धावत वळसा घालून गेलो. कपाळावर टेंगूळ, धोतर चिखलात. मला बघून म्हणाले, "बघितलंस? कशी गेली?"

मी त्यांच्या कपाळाला ओला पदर लावला. उत्तर बाबांनी दिलं. म्हणाले, "शिवण टिकली."

होडी दुरुस्त झाली. पुढची काही वर्षं ती पावसाळ्यात तळ्यावर आणि उन्हाळ्यात आमच्या अंगणात असायची. तो शेतकरी तिच्यातून पलीकडं जायचा, आणि आणखीही लोक जायला लागले. पण बसलेला प्रत्येक माणूस एकच म्हणायचा, "मिस्त्री, जरा हळू घ्या." म्हातारी माणसं म्हणायची, शीड कशाला, बांबूनं ढकला. कुणाला पलीकडं पोचायची घाई नव्हती. ह्यांचा त्यानं जीव जायचा. घरी येऊन मला सांगायचे, "हळूच जायचं तर घमेल्यात बसा म्हणावं." पोटासाठी दारं-खिडक्या, पाळणे, तिफणी करायचे, पण ते सगळं तोंड पाडून.

मग ब्याऐंशीला लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी कार्यालयं, नव्या पाट्या, नवे साहेब. एके दिवशी आमच्या दारात जीप उभी राहिली. कुणीतरी साहेबांना सांगितलं होतं, रेणापूरला होड्या बांधणारा माणूस आहे. धरणावर पाहुण्यांना फिरवायला त्यांना होडी हवी होती. मला काय वाटलं सांगू. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपण होऊन आमच्या माणसाचा हुन्नर विचारत घरी आलं होतं. मी चांगल्या कपात चहा केला.

साहेब भले गृहस्थ होते. म्हणाले, "मिस्त्री, आमची कल्पना अशी, की होडीला पुढं राजहंसाची मान असावी. पांढरी. वर छप्पर, आत बाकडी. दोन वल्ही."

"शीड?"

"शीड नको. पाहुणे घाबरतील."

"मग मान कशाला?"

"शोभेला."

"साहेब, पुढं एवढी मान उभी केली तर वारा तिला धरून होडी फिरवंल. नाळ हलकी पायजे. आन छप्पर म्हंजे तर..."

मी स्वयंपाकघरातून खाकरले. ते थांबले नाहीत. शेवटी मी बाहेर येऊन साहेबांना सांगितलं, "करतील ते. मान बी करतील." साहेब गेल्यावर घरात जे झालं ते लिहायला नको. मी म्हटलं, "तुमाला होडी बांधायची हाय का घरात बसून रुसायचं हाय? पाणी आलं, आता गिऱ्हाईक आलं, तर मान नको." ते म्हणाले, "तू बाई हायस, वर्गात पोरांना काय बी लिहायला लाव. मी बदक करणार न्हाई."

त्यांनी बदक केलं. दोन महिने माझ्याशी न बोलता केलं. आणि इतक्या रागात कोरलेली ती मान इतकी सुरेख झाली, की बघणारा बघत राहायचा. धरणावर होडी सुटली तेव्हा लोकांनी खालच्या अंगाकडं पाहिलंसुद्धा नाही. पाणी पुढून किती हलकं फाटतं, मागं कसं मिटतं, यातलं काही नाही. सगळे मानेवर खूश. साहेबांनी हार घातला, तो सुद्धा आधी मानेला आणि मग ह्यांना.

त्यानंतर आमच्याकडं गिऱ्हाइकं यायला लागली. कुणाला लग्नाच्या मंडपात नवरा-नवरीच्या खुर्चीला राजहंस हवा, कुणाला शाळेच्या फाटकावर हवा, कुणाला झोपाळ्याला. लातुरात त्यांचं नाव पडलं बदकवाले मिस्त्री. पत्ता विचारत माणसं त्या नावानंच यायची. घर चांगलं चाललं, मुलं शिकली. ह्यांच्या कपाळावरची आठी मात्र कधी गेली नाही. एकदा एका नवरदेवाच्या बापानं विचारलं, "मिस्त्री, तुमी दुसरं काय करता?" हे म्हणाले, "होड्या." तो माणूस दिलखुलास हसला. त्याला तो विनोद वाटला.

धरणावर होडी सुटल्याला दोनतीन वर्षं झाली आणि पुन्हा पाऊस हटला. धरणाचं पाणी आत आत सरत गेलं. आम्ही एका लग्नाहून येताना तिकडून आलो, तर होडी भेगाळलेल्या गाळात एका कुशीवर पडलेली होती. छपराच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. मानेचा पांढरा रंग पापुद्रे धरून सुटत होता. मला वाटलं, ह्यांना वाईट वाटेल. ते गाळात उतरले, शेळ्या हाकलल्या, गुडघे टेकून खालून फळ्यांवरून हात फिरवला. परत येऊन म्हणाले, "बरगडी एक बी हलली न्हाई. बाभूळ हाय." मग बराच वेळ ते माझ्याशी नीट बोलत होते. होडी मेली त्या दिवशी ह्यांचा राग गेला. ह्या माणसाचं काय करावं, मला कधीच कळलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी माझी बदली नांदेडला झाली. सासूबाई तोवर गेल्या होत्या, बाबाही गेले होते. विष्णुपुरीला तोवर गोदावरी अडवली गेली होती आणि वरच्या अंगाला पाणी लांबवर तुंबलं होतं. सरळ, रुंद, डोळा पोचेल तिथपर्यंत पाणी. ते बघून आले त्या दिवशी जेवले नाहीत नीट. मला कळलं काय होणार. मी आधीच सांगून टाकलं, "करडईचं तेल निराळं आणा."

ही होडी त्यांनी नदीकाठीच बांधली, एका भोयाच्या झोपडीशेजारी. न मान, न छप्पर. पण लाकूड उतरवताना त्यांचा उजवा खांदा दुखावला होता आणि शिडाचा दोर एका हातानं आवरेना. दुसरा माणूस हवा होता. मुलं नोकरीला बाहेर. भोई म्हणाला, मला जाळी टाकायची हाय. रविवारी सकाळी हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू दोर धरशील का?"

"मी?"

"नुसतं धरायचं. मी सांगतो तसं."

नुसतं धरायचं नव्हतं. होडी काठापासून सुटली तसा वारा आला आणि दोरानं माझे हात जवळजवळ उपटले. हे मागं सुकाणू धरून ओरडायला लागले. सोड, ओढ, सोड म्हटलं की, एवढं नव्हे, आता ओढ. तीस वर्षं मी वर्गात उभी राहिलेली बाई, मला कुणी असं ओरडलं नव्हतं. मी म्हटलं, "एकदाच काय ते नीट सांगा." ते म्हणाले, "वारा एकदाच सांगतो का?" होडी कलली, पाणी होडीच्या कडेला लागून फसफसत मागं गेलं, माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. भीती वाटली. पण दोर सोडवेना. नदीकाठची झाडं, मोटारपंपांच्या खोल्या, कपडे धुणाऱ्या बायका मागं मागं जात होत्या, आणि होडीचा कसलाही आवाज नव्हता, फक्त पाण्याचा.

"आता सोड जरा," ते म्हणाले. "वळू."

"कशाला? पुढं जागा हाय की."

"परत जायला वारा उलटा हाय. उशीर होईल."

"मग उशीर होऊ द्या."

"तुला कळत न्हाई. वाऱ्याविरुद्ध तिरकं तिरकं यावं लागतं, दुपार होईल."

"इतकी वर्षं मला जागा न्हाई म्हणून रडलाव, आन आता जागा हाय तर वळायचं?"

त्यांनी सुकाणू तसंच धरलं. वळवलं नाही. वारा होता तोवर आम्ही जात राहिलो. परत यायला खरंच दुपार टळून गेली, ऊन लागलं, बरोबर खायला काही नव्हतं, आणि सगळ्या वाटेनं ते मला सांगत राहिले की मी त्यांचं ऐकायला हवं होतं. बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांना तसं म्हटलं नाही.

सोमवारी शाळेत मला खडू धरवेना, तळहात सोलवटून निघाले होते. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, हाताला काय झालं?" मी म्हटलं, दोर ओढला. "विहिरीचा?" तिनं विचारलं. समजावून सांगायला लागले असते तर तास गेला असता. मी तिला फळ्यावर यायला सांगितलं आणि तिच्या हातात खडू दिला.